दोन सुया, एक वेल: ओजिब्वे मणीकाम शिकताना

ओजिब्वे फुलवेलीचं मणीकाम दोन सुयांनी होतं. पहिली सुई मणी ओवते आणि ती माळ नक्षीच्या रेषेवर मांडते. दुसरी सुई दर दोन मण्यांनंतर माळेच्या दोऱ्यावरून आडवा टाका घालते आणि माळ कापडाला टाचते. तंत्र एवढंच. बाकी सगळा खेळ दोऱ्याचा ताण, ओळींमधलं अंतर आणि मण्यांची निवड यांचा, आणि काम बिघडतं तेही याच तीन ठिकाणी. खाली काळ्या मखमलीवरच्या एका लहान तुकड्याची पूर्ण कृती आहे: एक देठ, पाच पाकळ्यांचं फूल, दोन पानं, एक कळी आणि तीन लाल फळं. त्यापुढे, हेच काम मंडळात बसून कसं करावं आणि त्यातलं काय आपण उचलू नये, हेही लिहिलं आहे. ते सोडून नुसती कृती वाचू नये, कारण ओजिब्वे समाजात हे काम टिकलं ते सजावट म्हणून नाही.

ओजिब्वे म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या पंचमहासरोवरांभोवतीचे लोक. मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन आणि कॅनडातले ऑन्टारिओ व मॅनिटोबा या भागांत त्यांच्या वस्त्या आहेत. स्वतःला ते अनिशिनाबे म्हणवतात. काचेचे मणी त्यांच्याकडे फरच्या व्यापारातून आले, मुख्यतः व्हेनिस आणि बोहेमियातून. त्याआधी साळिंदराचे रंगवलेले काटे कातड्यावर आणि भूर्जाच्या सालीवर टाचून नक्षी व्हायची. ऑन्टारिओतल्या मॅनिटूलिन बेटावर ते काम आजही चालतं. अमेरिकेत १८८३च्या नियमांनी आदिवासींचे नाच आणि विधी गुन्हा ठरवले, तर कॅनडात ‘इंडियन ॲक्ट’ या कायद्याच्या १८९५च्या दुरुस्तीनंतर ते कायद्याच्या कचाट्यात सापडले आणि ही बंदी १९५१पर्यंत उठली नाही. मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत नेलं, तिथे भाषा बोलली म्हणून शिक्षा व्हायची. ढोल लपवावा लागला, विधी रात्री उरकावे लागले. फुलांच्या नक्षीला मात्र कुणी हरकत घेतली नाही. ती आज्यांच्या मांडीवर, दिव्याशेजारी, उघड चालू राहिली, आणि जंगलातल्या वनस्पतींची ओळख, रंगांची जाण, आई-मुलीनं शेजारी बसण्याची रीत हे सगळं तिच्यासोबत तगलं.

साहित्य

मणी ११ नंबरचे घ्या. चेक बनावटीचे गोलसर मणी उत्तम. त्यांची जाडी सुमारे २ मिलिमीटर असते आणि एका ग्रॅममध्ये साधारण ११० मणी बसतात. जपानी नळीसारखे सरळ कडांचे मणी विणकामाला चांगले असले तरी इथे नकोत. वळणावर त्यांच्या कडा एकमेकींपासून फाकतात आणि मध्ये पाचरीसारखी फट दिसते. हात बसल्यावर १३ नंबरचे, म्हणजे आणखी बारीक, एका बाजूने घासलेले मणी वापरा. त्यांची चमक वेगळीच असते, पण सुरुवात त्यांनी करू नका, डोळे आणि धीर दोन्ही संपतात.

रंग निवडताना एक गोष्ट सगळ्यांत जास्त फसवते. डबीत सुंदर दिसणारा पारदर्शक मणी काळ्या मखमलीवर टाचला की विझतो, कारण खालचा काळा रंग त्यातून वर येतो. म्हणून मणी अपारदर्शक घ्या, किंवा आतून रंग भरलेले. गुलाबी आणि जांभळ्या मण्यांचा रंग बऱ्याचदा वरून चढवलेला असतो. पाच-सहा मणी ओल्या पांढऱ्या कापडात गुंडाळून रात्रभर ठेवा, कापडाला रंग लागला तर ती डबी बाजूला.

या तुकड्याला साधारण ११३० मणी लागतात: नक्षीला ९०० आणि काठाला २३०च्या आसपास. गडद गुलाबी, फिकट गुलाबी, दोन छटांचे हिरवे, लाल आणि काठासाठी पांढरे असे प्रत्येकी ३ ग्रॅम, आणि फुलाच्या मध्यासाठी पिवळे १ ग्रॅम घ्या. हे हिशेबापेक्षा जास्त आहे, पण काही मणी वाकडे, काही चपटे, काही बुजलेल्या भोकाचे निघतात आणि ते निवडून टाकावे लागतात. हिरवा अगदी गडद घेऊ नका, काळ्यावर देठ नाहीसा होतो.

दोरा नायलॉनचा, मणीकामासाठी मिळतो तो, ‘डी’ जाडीचा. रंग काळा. कामाला घेताना ७५ सेंटिमीटरपेक्षा लांब तोडू नका. लांब दोरा वेळ वाचवत नाही, गुंततो आणि मण्यांच्या कडांवर घासून पिंजतो. मधमाशीच्या मेणावरून दोनदा ओढून मग बोटांनी निरपून घ्या, म्हणजे दोरा पिळ धरत नाही. ओवायला १० किंवा ११ नंबरची लांब मणीकामाची सुई, टाचायला १० नंबरची आखूड, कडक सुई. आखूड सुई कापडात सरळ शिरते. लांब सुई वाकते आणि टाका तिरका पडतो.

कापड म्हणजे १६ बाय २० सेंटिमीटरची काळी सुती मखमल. तयार तुकडा १० बाय १४चा होईल, बाकीचा भाग धरायला. बनातीवर किंवा धुरावलेल्या हरणाच्या कातड्यावरही हेच काम होतं. १९व्या शतकाच्या उत्तरार्धातले कितीतरी जुने ओजिब्वे नमुने काळ्या मखमलीवरच आहेत. मखमलीखाली जाडसर सुती कापड आणि त्याखाली तपकिरी पिशवीच्या कागदाचा एक थर ठेवून चारी बाजूंनी लांब टाक्यांनी टाचून घ्या. गोंद लावू नका. तो मखमलीतून वर झिरपतो आणि तिथला लव कायमचा बसतो. कागदाचं काम फक्त आधाराचं. त्याच्याशिवाय मखमल मण्यांच्या ओझ्याने आणि दोऱ्याच्या ओढीने गोळा होते. मागून शिवायचं अस्तर आणि लवाची दिशा दोन्ही आधीच ठरवा. लव खाली झुकलेला राहील अशी मखमल धरा.

नक्षी

जुन्या ओजिब्वे बायका फुलापानांचे साचे भूर्जाच्या सालीतून कातरून ठेवत आणि मांडणी बदलून पुन्हा पुन्हा वापरत. जाड कागदावर तेच करा. एक पाकळी, एक पान, एक कळी, एक गोल फळ असे वेगळे साचे कापा. पाकळी देठाकडून टोकापर्यंत २ सेंटिमीटर, पान ३ सेंटिमीटर. मग ते मखमलीवर हलवत मांडणी शोधा.

या नक्षीची एक खासियत समजून घेण्यासारखी आहे. एकाच वेलीवर ओकचं पान असतं, दुसरीकडे मेपलसारखं पान, मध्येच गुलाब आणि शेजारी कसलीशी फळं. वनस्पतिशास्त्रात असं झाड नाही, पण प्रत्येक भाग जंगलात पाहिलेला असतो. दोन्ही बाजू आरशासारख्या सारख्या करण्याचा हट्टही नसतो. एका बाजूचं पान जरा मोठं, दुसरीकडची कळी जरा खाली. तोल असतो, नक्कल नसते. म्हणून इंटरनेटवरून कुणाची नक्षी उतरवू नका. तुमच्या आजूबाजूला जे उगवतं त्याचं पान उचला, कागदावर ठेवून कड गिरवा आणि साधी करा. दातेरी कड मण्यांत येत नाही. दोन मण्यांपेक्षा लहान खाच असेल तर ती गाळा.

साचे गिरवायला पांढरी पेन्सिल चालते, पण मखमलीवर ती हाताने पुसली जाते. त्यापेक्षा दोन चमचे मैदा पाण्यात दह्याइतका घट्ट कालवा आणि बारीक टोकदार काडीने रेषा काढा. तासाभरात वाळते. काम झाल्यावर कोरड्या ब्रशने नीट झटकून काढा. राहिलेल्या मैद्याला कीड लागते.

पाकळी

ज्या भागाची कड सगळ्यांत वर दिसायची आहे तिथून सुरुवात करा. म्हणजे आधी फुलाचा मध्य, मग पुढची पाकळी, मग तिच्यामागच्या, मग पानं, शेवटी देठ. देठ शेवटी, कारण त्याचं टोक पाकळीच्या कडेला टेकवून झाकता येतं.

मध्यासाठी एक पिवळा मणी साध्या टाक्याने पक्का करा. त्याच्याभोवती सहा मण्यांचं कडं टाचा, मग बाहेर बाराचं. कडं बंद करताना ओवणारी सुई पहिल्या दोन मण्यांतून पुन्हा फिरवून मग खाली घाला, नाहीतर जोडावर फट राहते.

आता पाकळी. दोन्ही दोऱ्यांना मागे गाठ मारा. ओवणारी सुई पाकळीच्या बुडाशी, गिरवलेल्या रेषेवर वर काढा. सहा गडद गुलाबी मणी ओवा आणि दोरा रेषेवर आडवा ठेवून मणी बुडाकडे सारा. डाव्या अंगठ्याने हलके दाबून धरा. टाचणारी सुई मागून वर काढा, दुसऱ्या आणि तिसऱ्या मण्याच्या बरोबर मध्ये, माळेच्या दोऱ्याला अगदी लागून. दोऱ्यावरून पलीकडे न्या आणि त्याच खाचेत खाली घाला. टाका मण्यावरून जात नाही, दोन मण्यांमधल्या दोऱ्यावरून जातो. तो ओढताना दोरा मण्यांच्या खाचेत बसला की थांबा. आणखी अर्धा मिलिमीटर ओढलात की मणी खाली दबतो आणि ओळीत खळगा दिसतो.

चार मणी टाचून झाले की पुढचे सहा ओवा. सहाही टाचून मग ओवलं तर शेवटचा मणी सैल हलत राहतो. सरळ भागात तीन मण्यांनंतर एक टाका चालतो, वळणावर दर दोन, आणि पाकळीच्या टोकाच्या घट्ट वळणावर प्रत्येक मण्यानंतर. टोक अणकुचीदार असेल तर माळ वळवू नका. ओळ टोकाशी संपवा, सुई खाली घाला, अर्ध्या मण्याचं अंतर सोडून पुन्हा वर काढा आणि नवी ओळ सुरू करा. वळवलेली माळ टोकाशी गोल होते आणि पानाचं टोक बोथट दिसतं.

पहिली ओळ पाकळीभर फिरून बुडाशी आली की तिच्या आत दुसरी. इथे अंतर महत्त्वाचं. पहिल्या ओळीच्या दोऱ्यापासून दुसरीचा दोरा एका मण्याच्या जाडीइतका, म्हणजे २ मिलिमीटर आत हवा. कमी झालं तर मणी एकमेकांवर चढतात आणि पाकळी फुगते. जास्त झालं तर काळी रेघ दिसते. डोळ्याने अंदाज येत नसेल तर सुईवर एक मणी ठेवून त्याच्या मापाने टोचा. बाहेरच्या दोन ओळी गडद, आतल्या फिकट. शेवटी मध्ये चिंचोळी फट उरते. तिथे माळ मांडत बसू नका. दोन-तीन मणी ओवून एकाच सुईने उलट टाक्याने भरा. याच जागेसाठी निवडताना बाजूला काढलेले चपटे मणी जपून ठेवायचे असतात. सव्वा मण्याची जागा असेल तर जाडा मणी, पाऊण मण्याची असेल तर चपटा.

ओळी पाकळीच्या आकारानेच आत आत जायला हव्यात. सरळ आडव्या ओळींनी भरलं तर मणी तेवढेच लागतात, पण पाकळी सपाट पडते. प्रकाश वक्र ओळींवरून घसरतो म्हणून पाकळी वळलेली भासते.

पान आणि बाकीचं

पानाच्या मधोमध एक फिकट शीर आधी टाचा. मग डावा अर्धा भाग एका हिरव्याने, उजवा दुसऱ्या हिरव्याने. ही दोन छटांची विभागणी ओजिब्वे पानांत फार दिसते आणि ती पानाला उजेड देते. कळीचं तंत्र पाकळीचंच. फळासाठी मध्यभागी एक मणी आणि भोवती दोन कडी. देठ दोन ओळींचा, आणि त्याला जागोजागी तीन-चार मण्यांचे छोटे कोंब काढा. कोंब एकाच बाजूला नकोत.

मागची बाजू अधूनमधून बघत जा. न वापरलेली सुई वर, कामापासून चार बोटं दूर खोचून ठेवा. ती मागे लोंबती राहिली की दुसरीच्या दोऱ्यात अडकते आणि दहा टाके झाल्यावर कळतं.

काठ

कडेनं कापड १० बाय १४ राहील असं मागे दुमडा, कागदाचं जास्तीचं कापा, अस्तर ठेवून टाचा. मग काठ. सुई दोन्ही थरांमधून पुढे काढा, दोन मणी ओवा, कडेपासून २ मिलिमीटर आत, एका मण्याचं अंतर सोडून मागून पुढे टोचा आणि सुई दुसऱ्या मण्यातून खालून वर काढा. त्यापुढे प्रत्येक वेळी एकच मणी: ओवा, टोचा, त्याच मण्यातून वर या. मणी कडेवर शेजारी शेजारी उभे राहतात. कोपऱ्यावर एकाच भोकातून दोन मणी काढा, म्हणजे काठ कोपऱ्यात ताणला जात नाही.

बिघडतं ते असं

कापडाला चुण्या पडल्या तर टाचणारा दोरा जास्त ओढला जातोय. हे पाच-सहा ओळी झाल्यावर लक्षात येतं आणि उसवल्याशिवाय सुधारत नाही, म्हणून पहिल्या दोन ओळींनंतरच तुकडा सपाट टेबलावर ठेवून बघा. ओळ सापासारखी वळवळत असेल तर टाक्यांमध्ये मणी जास्त कोंबलेत. एक मणी चिमट्याने फोडून काढता येतो, पण फोडताना कापड डोळ्यांपासून दूर धरा आणि चिमटा मण्याच्या भोकाच्या दिशेने लावा, आडवा दाबला तर काचेची धार दोरा कापते. ओळीत दोरा दिसत असेल तर मणी कमी पडलेत. त्यावर उपाय नाही, तेवढा भाग पुन्हा करावा लागतो. सुई एखाद्या मण्यात अडली तर जोर लावू नका. नेढ्याजवळ मणी तडकतो. बारीक सुई घ्या.

या तुकड्याच्या नक्षीत साधारण साडेचारशे टाके आहेत. नवख्या हाताला काठासकट आठ ते दहा तास लागतात. सलग पाऊण तासापेक्षा जास्त बसू नका, मान आणि डोळे दोघांसाठी. मन रागाने भरलेलं असताना मण्यांना हात लावू नये असं अनेक अनिशिनाबे शिक्षिका सांगतात, आणि हे अगदी मनावर घ्या. मनात जे असतं ते कामात उतरतं, आणि ज्याला ते मिळणार त्याच्यापर्यंत जातं, ही त्यांची धारणा. दोऱ्याच्या ताणात तर ते पहिल्याच ओळीत उतरतं.

काही घरांत नक्षीत एक मणी मुद्दाम वेगळ्या रंगाचा ठेवतात, माणसाच्या हातून परिपूर्ण काही होत नाही याची आठवण म्हणून. ही रीत सगळीकडे नाही. शिकवणारीने सांगितलं तर ठेवा. चुकलेला मणी झाकायला हे कारण वापरू नका.

मंडळात बसून

निवासी शाळांनी पिढ्यांमधला धागा तोडला. आईकडून मुलीला जे हातात यायला हवं होतं ते आलं नाही. कॅनडाच्या सत्य आणि सलोखा आयोगाने २०१५मध्ये अंतिम अहवाल दिला तेव्हा हे नुकसान सरकारी कागदावर आलं, पण ते भरून काढण्याचं काम समाजात आधीच सुरू होतं. त्यातला एक मार्ग म्हणजे मणीकामाची मंडळं. हात गुंतलेले, नजर खाली, आणि शेजारी कुणीतरी बसलेलं. समोरासमोर जे बोलवत नाही ते अशा वेळी बोललं जातं, किंवा नाही बोललं तरी चालतं.

वस्तीत, शाळेत किंवा आरोग्य केंद्रात असं मंडळ चालवणाऱ्यांसाठी काही ठोस गोष्टी. सहा ते आठ जणी पुरे. त्यापेक्षा जास्त झाल्या की शिकवणारीला प्रत्येकीच्या तुकड्याची मागची बाजू बघता येत नाही. आठवड्यातून एकदा, दोन तास, आणि शक्यतो तीच वेळ. प्रत्येक दोघींत एक पांढऱ्या प्रकाशाचा दिवा, कारण पिवळ्या उजेडात दोन हिरवे सारखेच दिसतात. वाचायचे चष्मे दोन-तीन जास्तीचे. लहान मुलांसाठी बाजूला मोठ्या भोकाचे मणी आणि त्यांच्याकडे बघणारं कुणीतरी, नाहीतर ज्या आयांना यायची गरज आहे त्याच येत नाहीत. जेवण असावं.

ज्येष्ठ शिक्षिकेला बोलावताना तिच्या समाजातल्या रीतीने, म्हणजे तंबाखू अर्पण करून विचारावं, आणि मानधन वेगळं द्यावं. एकामुळे दुसरं टळत नाही. बोलायची सुरुवात तिने करावी. काय झालं ते सांगा, असा आग्रह कुणालाही नको. रडू आलं तर हातातलं काम काढून घेऊ नये, ते हातात असण्यानेच बऱ्याच जणींना आधार वाटतो. कॅनडात निवासी शाळांतून वाचलेल्यांसाठी चोवीस तासांची मदतवाहिनी आहे, तिचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

भाषेसाठी वेगळा तास लावायची गरज नसते. मणी ओवताना मोजावं लागतंच, तर अनिशिनाबेमोविनमध्ये, म्हणजे ओजिब्वेंच्या भाषेत मोजा: बेझिग, नीझ, निस्वी, नीविन, नानन, इंगोद्वास्वी. सहा मणी, सहा शब्द, आणि दोन तासांत कितीतरी उजळण्या. ज्या ज्येष्ठांना शाळेत हे शब्द बोलायची बंदी होती त्यांच्यासमोर नातवंडं ते मोठ्याने म्हणतात, याचं मोल मण्यांपेक्षा मोठं आहे.

अपुऱ्या कामालाही जागा द्या. बेपत्ता झालेल्या आणि खून झालेल्या आदिवासी स्त्रियांच्या स्मरणार्थ २०१२मध्ये मेती (आदिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाचा कॅनडातला समाज) कलाकार क्रिस्टी बेलकोर्ट यांनी ‘वॉकिंग विथ अवर सिस्टर्स’ हा उपक्रम सुरू केला. मोकासिनच्या, म्हणजे मऊ कातडी जोड्यांच्या, वरच्या भागाच्या, मणीकाम केलेल्या १७००पेक्षा जास्त जोड्या लोकांनी पाठवल्या. त्यांचे जोडे शिवलेच नाहीत, कारण ती आयुष्यं मध्येच तुटली होती. प्रदर्शन गावोगाव गेलं तिथे लोक त्या जोड्यांच्या शेजारून अनवाणी किंवा मोज्यांनी चालले. म्हणून तुकडा पूर्ण झाला नाही तर मंडळात कुणाला घाई करू नका.

काय उचलू नये

दोन सुयांचं तंत्र आणि आपल्या भोवतीची फुलं शिकायला मोकळी आहेत. मिडेविविन या पवित्र संस्थेच्या भूर्जपत्रांवरची चिन्हं, कुळांची प्राणिचिन्हं, गरुडाची पिसं ही मोकळी नाहीत. कुळ वडिलांकडून येतं, आवडीने निवडायचं नसतं. गरुडाची पिसं अमेरिकेत कायद्यानेच संरक्षित आहेत. घुंगरांसारख्या धातूच्या शंकूंनी सजवलेला जिंगल पोशाखही वेशभूषा म्हणून शिवू नका. १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीच्या काळात तो आजारी मुलीला बरं करण्यासाठीचा नाच म्हणून आला, आणि आजही तो प्रार्थना म्हणूनच नाचला जातो. आतलं काय दाखवावं आणि काय झाकावं यावर खुद्द ओजिब्वे समाजातही वाद झाले आहेत. ओजिब्वे चित्रकार नॉर्वल मॉरिसो यांनी पवित्र कथा रंगवायला घेतल्या आणि १९६२मध्ये टोरांटोत त्यांचं प्रदर्शन झालं, तेव्हा त्यांच्या काही लोकांनी आक्षेप घेतला होता. घरच्या माणसाला हे ऐकावं लागलं, तर बाहेरच्याने पाऊल जपूनच टाकायला हवं.

तयार केलेला तुकडा विकायचा असेल तर त्याला ओजिब्वे हे नाव लावू नका. अमेरिकेच्या १९९०च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्याने मान्यताप्राप्त जमातीचा सदस्य किंवा तिने प्रमाणित केलेला कारागीर नसलेल्याने ‘आदिवासी बनावटीची’ म्हणून वस्तू विकणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड किंवा पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

विकत घेताना कारागिराचं नाव आणि त्याची वस्ती विचारा. खरं काम करणारी व्यक्ती दोन्ही आनंदाने सांगते. मागची बाजू बघा: हाताच्या कामात टाके आखूड पण थोडे असमान असतात, गोंदाने चिकटवलेल्या कामात ते नसतातच. चित्रांच्या बाबतीत तर फारच जपावं लागतं. मॉरिसो यांच्या नावाने झालेल्या बनावट चित्रांच्या प्रकरणात मार्च २०२३मध्ये ऑन्टारिओत आठ जणांवर आरोप ठेवले गेले आणि हजाराहून जास्त चित्रं जप्त झाली. तो पैसा ओजिब्वे घरांत जायला हवा होता.

जुनं काम प्रत्यक्ष बघायचं तर मॅनिटूलिन बेटावरचं ओजिब्वे कल्चरल फाउंडेशन, मिनेसोटातलं मिल लॅक्स इंडियन म्युझियम, मिशिगनमधल्या माउंट प्लेझंटचं झिबिविंग सेंटर. तिथे गश्किबिदागन, म्हणजे खांद्यावरून तिरकी घ्यायची रुंद पट्ट्याची थैली, नक्की बघा. एका थैलीवर हजारो मणी असतात, आणि काही थैल्यांना तर आत हात घालायला तोंडच ठेवलेलं नसतं. त्या मान म्हणून अंगावर मिरवण्यासाठीच केलेल्या. ओळी पाकळीत कशा वळतात, पांढऱ्या मण्यांची भरलेली जमीन फुलाच्या कडेला कशी जुळवली आहे, हे काचेजवळ जाऊन बघा. कुठलीही जुनी वस्तू हातात घ्यायची वेळ आली तर हातमोजे घाला. संग्रहालयांत कीड लागू नये म्हणून पूर्वी अशा वस्तूंवर आर्सेनिक मारत असत, आणि ते अजून तिथेच असतं. समाजाला परत मिळालेली वस्तू पुन्हा नाचात वापरण्याआधी तिची चाचणी याच कारणासाठी करून घेतात.

दुरुस्ती

मणीकाम सपाट ठेवा, सुती कापडात गुंडाळून. प्लास्टिकच्या पिशवीत घातलं तर ओल आत कोंडते, मखमलीला बुरशी धरते. घडी घालू नका, घडीवर दोरा तुटतो.

दोरा तुटलाच तर घाबरून ओढू नका. माळेचा दोरा तुटला तरी टाचणारे टाके बाकीची ओळ धरून ठेवतात. दोन सुयांचं हे मोठं सुख आहे. तुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंचे चार-चार मणी सोडवून काढा, माळेची दोन्ही टोकं सुईने मागे ओढून तिथे गाठ मारा. नवा दोरा चार मण्यांमागून, अजून पक्क्या असलेल्या ओळीतून आत घाला, काढलेले मणी पुन्हा ओवा, पलीकडच्या चार मण्यांतून बाहेर काढून मागे बांधा आणि दर दोन मण्यांवर टाचा. मूळ मणी हरवले असतील तर नवे थोडे कमी चमकदार निवडा. जुन्या मण्यांवर काळाचा मंदपणा चढलेला असतो आणि चकाकता नवा मणी लांबूनही वेगळा दिसतो.